पार्किन्सन्स आणि फिजिओथेरपी : सुधारणा किती टिकते आणि टिकवायची कशी

नोकरीत असताना काही वर्षे मी बँकेच्या आबिड्स शाखेत होतो. तिथे एक वयस्कर पेन्शनर दर महिन्याला पैसे काढायला यायचे. वर्ष-दीड वर्षात त्यांची सही बारीक होत गेली. सुरुवातीची अक्षरे ठीक असत, पण आडनावापर्यंत येईतो मुंगीएवढी होत. नमुना सहीशी जुळेना, म्हणून मी दोनदा त्यांचा चेक ‘सही जुळत नाही’ असा शेरा मारून परत केला. त्यांनी वाद घातला नाही. पुन्हा सही केली, तर ती आणखी बारीक आली. नियमाप्रमाणे मी चुकलो नव्हतो, पण समोरच्या माणसाला काय होते आहे हे मला कळले नव्हते.

ते कळले निवृत्तीनंतर. लॉकरच्या रजिस्टरमध्ये माझ्या पत्नीच्या सह्या एकाखाली एक होत्या, आणि त्या तशाच आक्रसत गेलेल्या दिसल्या. तिचा हात थरथरत नव्हता, म्हणून घरात कुणालाच शंका आली नव्हती. न्यूरॉलॉजिस्टने तपासून पार्किन्सन्सचे निदान केले. त्या गोष्टीला आता सहा वर्षे झाली.

आपल्या मंडळातल्या तीन-चार कुटुंबांनी गेल्या वर्षभरात मला एकच प्रश्न विचारला : “फिजिओथेरपी केली की बरे वाटते, पण ते टिकते का?” मी डॉक्टर नाही, बी.कॉम. झालेला बँकेचा माणूस आहे. तरी सहा वर्षांत जे वाचले, डॉक्टरांना विचारून समजून घेतले आणि घरात पाहिले, ते एका जागी असावे म्हणून हा लेख.

आजार थोडक्यात

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली सहा रुग्णांचे निरीक्षण करून या आजारावर निबंध लिहिला. त्यांचा जन्मदिवस ११ एप्रिल हा जागतिक पार्किन्सन्स दिन म्हणून पाळला जातो. आपल्याकडे ‘कंपवात’ हे नाव जुने आहे, पण त्या नावाने थोडी दिशाभूल होते, कारण प्रत्येकाला कंप असतोच असे नाही.

मेंदूच्या एका भागातल्या पेशी डोपामिन नावाचे रसायन तयार करतात. या पेशी हळूहळू कमी होतात. डोपामिन कमी पडले की हालचाली मंदावतात, स्नायू ताठरतात, काहींना कंप सुटतो आणि पुढे तोल जाऊ लागतो. रोजच्या ज्या हालचाली आपण विचार न करता करतो, त्या आपोआप होईनाशा होतात. चालताना हात हलत नाही, पावले लहान पडतात, आवाज खाली जातो, अक्षर बारीक होते. वास न येणे, बद्धकोष्ठता, झोपेत हातपाय झाडणे आणि उदासी हेही याच आजाराचे भाग असू शकतात.

लेव्होडोपा हे औषध १९६०च्या दशकाच्या अखेरीस वापरात आले आणि आजही तोच उपचाराचा कणा आहे. खाजकुयलीच्या बियांमध्ये हेच द्रव्य असल्याचे भारतीय संशोधकांनी १९३७ साली दाखवले होते. मात्र म्हणून बाजारातले चूर्ण स्वतःच्या मनाने गोळीच्या जोडीला घेऊ नये. मात्रा दुप्पट होऊन त्रास होऊ शकतो.

फिजिओथेरपी नेमके काय करते

गोळी डोपामिनची उणीव भरून काढते. पण सहा महिने न वाकलेली पाठ, अशक्त झालेल्या मांड्या आणि गेलेला आत्मविश्वास गोळीने परत येत नाही. फिजिओथेरपी तिथे काम करते. ती साधारण चार गोष्टींवर असते : स्नायूंची ताकद, सांध्यांची लवचीकता, तोल आणि दमसास. पार्किन्सन्समध्ये पाचवी गोष्टही तितकीच महत्त्वाची आहे. हालचाल जाणीवपूर्वक मोठी करायला शिकणे. आपोआप होणारी वाट अडली असेल, तर लक्ष देऊन करण्याची दुसरी वाट वापरायची. ‘चाला’ म्हटल्यावर जो माणूस पाय घासत चालतो, तोच ‘टाच आधी टेकवा, लांब पाऊल टाका’ म्हटल्यावर बराच नीट चालतो. हे पहिल्यांदा पाहताना आश्चर्य वाटते.

परिणाम किती टिकतो : अभ्यास काय सांगतात

या बाबतीत सर्वांत बोलका प्रयोग अमेरिकेतल्या शिकागोचा आहे, १९९४ सालचा. रुग्णांना चार आठवडे, आठवड्यातून तीनदा व्यायाम दिला. हालचाली आणि रोजची कामे स्पष्टपणे सुधारली. सहा महिन्यांनी पुन्हा तपासले तेव्हा बहुतेकांनी घरी नियमित व्यायाम सोडलेला होता, आणि त्यांचे गुण जिथून सुरुवात केली होती तिथेच परत आले होते.

युरोपातल्या तीन देशांत मिळून १५३ जणांवर झालेला अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. ताल किंवा खूण देऊन चालण्याचा सराव घरी येऊन तीन आठवडे करून घेतला. चाल सुधारली. सराव थांबल्यावर सहा आठवड्यांत तो फायदा बराच ओसरला.

ब्रिटनमध्ये २०१६ साली ७६२ रुग्णांच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. तिथे आठ आठवड्यांत साधारण चार भेटी, प्रत्येकी सुमारे तासाभराची, एवढीच थेरपी दिली गेली. तीन महिन्यांनीही फरक दिसला नाही आणि पंधरा महिन्यांनीही नाही. हे वाचून काही जण म्हणतात, “पाहा, उपयोग नाही.” मला त्याचा अर्थ वेगळा वाटतो. मात्राच इतकी अपुरी होती की तिचा परिणाम दिसायला नको होता. अर्धी गोळी आठवड्यातून एकदा घेऊन रक्तदाब उतरत नाही, तसेच हे.

आता दुसरी बाजू. शिकागोतच दोन वर्षे चाललेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. एका गटाने आठवड्यातून दोनदा हळूहळू वजन वाढवत ताकदीचा व्यायाम केला, दुसऱ्याने ताणाचे व तोलाचे नेहमीचे व्यायाम केले. सहा महिन्यांनी दोन्ही गट सुधारलेले होते. दोन वर्षांनी मात्र वजन वाढवत नेणारा गट हालचालींच्या मोजपट्टीवर ७.३ गुणांनी सरस होता, आणि ही तपासणी औषधाचा असर उतरलेला असताना केलेली होती. नेदरलँड्समध्ये १३० जणांच्या अभ्यासात (२०१९) घरच्या व्यायामाच्या सायकलवर आठवड्यातून तीनदा ३० ते ४५ मिनिटे सहा महिने व्यायाम करणाऱ्यांची लक्षणे दुसऱ्या गटापेक्षा कमी वाढली. २०१२ सालच्या १९५ जणांच्या अभ्यासात ताई ची या चिनी व्यायामाने तोल सुधारला, पडणे कमी झाले आणि वर्ग संपल्यावर तीन महिनेही फायदा राहिला. आवाजासाठी महिनाभराची सघन तालीम देणाऱ्या एका पद्धतीत आवाजाची पातळी दोन वर्षांनंतरही टिकलेली आढळली.

२०२३ साली १५६ अभ्यास आणि ७,९३९ रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली. बहुतेक सर्व प्रकारच्या व्यायामांचा फायदा होतो, आणि अमुकच प्रकार श्रेष्ठ असे ठामपणे म्हणता येत नाही, असा त्याचा सारांश आहे.

या सगळ्याची बेरीज अशी : फायदा खरा आहे. थोड्या भेटींनी तो मिळत नाही. मिळालेला फायदा व्यायाम सोडल्यावर काही आठवडे ते काही महिन्यांत ओसरतो. चालू ठेवल्यास दोन वर्षांपर्यंत तो टिकल्याचे दिसले आहे. व्यायामाने आजार मुळापासून थांबतो हे मात्र सिद्ध झालेले नाही, आणि तसे आश्वासन देणाऱ्यापासून दूर राहावे. बँकेच्या भाषेत सांगायचे तर ही मुदत ठेव नव्हे, की एकदा भरली आणि व्याज खात बसलो. हे रिकरिंग खाते आहे.

आमच्या घरची नोंदवही

हे मी वाचायच्या आधी आम्ही चुकून गेलो होतो. निदानानंतर सहा आठवडे पत्नी रोज थेरपीला गेली. सवयीप्रमाणे मी वही घातली. खुर्चीतून हात न टेकता पाच वेळा उठून बसायला लागणारा वेळ दर रविवारी लिहायचो. पहिल्या रविवारी २४ सेकंद, सहाव्या आठवड्याअखेर १६. आबिड्समधल्या आमच्या घराचे दोन जिने ती न थांबता चढू लागली. “आता छान झाले, घरीच करत राहा,” असे सांगून थेरपी संपली. घरी काय, किती आणि कधीपर्यंत करायचे, हे कागदावर कुणी दिले नाही आणि आम्हीही मागितले नाही.

मग नांदेडला भाचीचे लग्न आले, पाहुणे आले, श्रावण आला, गणपती आले. व्यायाम आधी दिवसाआड झाला, मग आठवड्यातून एकदा, मग कुणाच्या लक्षातही राहिला नाही. वहीत चार महिन्यांची पाने कोरी आहेत. दिवाळीत ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पडली आणि मनगट मोडले. प्लास्टर निघाल्यावर मी पुन्हा वेळ घेतली : २६ सेकंद. सुरुवातीपेक्षाही मागे.

त्यानंतर आम्ही पद्धत बदलली. दर तीन-चार महिन्यांनी फिजिओथेरपिस्टकडे दोन-तीन भेटी, व्यायाम तपासून घेणे, नवे लिहून घेणे, आणि मधले दिवस घरी रोज. आज सहा वर्षांनी तिची वेळ १८ सेकंदांच्या आसपास आहे. दरम्यान गोळ्या वाढल्या आहेत, आजार पुढे गेला आहे. तरी जिना ती अजून स्वतः चढते.

टिकवण्यासाठी काय लागते

* लेखी कार्यक्रम. प्रत्येक व्यायाम किती वेळा, किती दिवस, पुढे कधी वाढवायचा, हे थेरपिस्टकडून लिहून घ्यावे. शक्य तर मोबाइलवर व्हिडिओ काढू द्यावा अशी विनंती करावी.
* मात्रा. आठवड्यातून तीन-चार दिवस, ३० ते ४५ मिनिटे, थोडी धाप लागेल असा चालण्याचा किंवा सायकलचा व्यायाम. दोन दिवस ताकदीचा. ताण आणि तोल रोज थोडा. हृदयविकार, मधुमेह किंवा गुडघेदुखी असेल तर मर्यादा डॉक्टरांनी ठरवाव्यात.
* हळूहळू वाढ. वर्षभर तेच दहा व्यायाम तसेच केले तर शरीर पुढे जात नाही.
* गोळीची वेळ. गोळीचा असर चढलेला असताना, साधारण तासाभराने, व्यायाम सोपा जातो. लेव्होडोपा सहसा जेवणाआधी अर्धा तास घेतात, कारण डाळ, दूध, पनीर यांतली प्रथिने तिच्या शोषणात अडथळा आणतात.
* मोठे करणे. मोठे पाऊल, मोठा हात, मोठा आवाज. ओळी आखलेल्या वहीत मोठ्या अक्षरांत रोज अर्धे पान लिहावे. वर्तमानपत्राचा एक परिच्छेद खड्या आवाजात वाचावा.
* मोजमाप. महिन्यातून एकदा खुर्चीची वेळ लिहावी. तीन नोंदी सलग घसरल्या तर पुढच्या भेटीची वाट न पाहता थेरपिस्टला दाखवावे.
* लवकर सुरुवात. ऑस्ट्रेलियातल्या २३१ जणांच्या अभ्यासात (२०१५) घरच्या व्यायामाने सौम्य आजार असलेल्यांचे पडणे कमी झाले, आजार वाढलेल्यांचे नाही. म्हणून “अजून चालता येते आहे, मग थेरपी कशाला?” हा विचार उलटा आहे. आजार वाढलेला असेल तर तोलाचे व्यायाम कुणीतरी शेजारी उभे राहूनच करावेत.

चालताना पाय अडकला तर

दारातून जाताना, वळताना किंवा गर्दीत पाय जमिनीला चिकटल्यासारखा होतो. अशा वेळी घरच्यांनी ओढू नये, “चल, चल” अशी घाईही करू नये. आधी थांबावे. वजन एका पायावरून दुसऱ्यावर डावी-उजवीकडे न्यावे, मनात एक-दोन-तीन मोजावे आणि समोरच्या फरशीची रेघ ओलांडतो आहोत असे समजून पाऊल टाकावे. आमच्या घरात मोरीच्या वाटेवर रंगीत पट्ट्या चिकटवल्या आहेत. जागच्या जागी गिरकी घेऊ नये, मोठा वळसा घ्यावा. चालताना फोनवर बोलू नये आणि दोन्ही हातांत पिशव्या घेऊ नयेत.

तालाचा उपयोगही होतो. माझी पत्नी लहानपणी वडिलांबरोबर दिंडीत पावली खेळलेली. टाळांच्या ठेक्यावर ती आजही गच्चीवर पाच-सहा फेऱ्या मारते, आणि त्या वेळी पाय अडकत नाही. मोबाइलवर ठेका वाजवणारे मोफत ॲप मिळते, तेही चालेल.

घर, रस्ता आणि ऊन

न्हाणीघरात आणि संडासाजवळ धरायला दांडी, रात्री जाण्याच्या वाटेवर दिवा, सतरंज्या आणि पायपुसणी काढून टाकणे, खुर्ची थोडी उंच आणि हातांची, सैल चपलेऐवजी मागून पट्टा असलेली पादत्राणे. एवढ्याने बरीच पडझड टळते.

पार्किन्सन्समध्ये उठल्यावर एकदम रक्तदाब उतरू शकतो. पलंगाच्या कडेला मिनिटभर बसून मगच उभे राहावे. चक्कर येत असेल तर डॉक्टरांना सांगावे. हैदराबादच्या एप्रिल-मेमध्ये फिरणे सकाळी सातच्या आत उरकावे आणि पाणी भरपूर प्यावे. आबिड्सचे फूटपाथ सरावासाठी योग्य नाहीत, विशेषतः रविवारी जुन्या पुस्तकांची दुकाने मांडलेली असताना. आम्ही नामपल्लीच्या पब्लिक गार्डनमध्ये, म्हणजे बाग-ए-आममध्ये जातो. पुस्तकांचा मोह मी एकट्याने पुरवतो.

सुरुवात कुठे करावी

निदान आणि औषधे न्यूरॉलॉजिस्टकडूनच ठरवावीत. पंजागुट्ट्याच्या निझाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये, म्हणजे आपल्या निम्समध्ये, न्यूरॉलॉजीचा विभाग आहे. आबिड्सकडच्यांना नामपल्ली स्टेशनवरून मेट्रोच्या लाल मार्गाने गाडी न बदलता तिथे जाता येते. फिजिओथेरपिस्ट निवडताना एकच प्रश्न विचारावा : “पार्किन्सन्सचे किती रुग्ण आपण पाहिले आहेत?” गुडघा आणि कंबर यांत निष्णात असलेल्या प्रत्येकाला या आजाराचा अनुभव असतोच असे नाही. नेदरलँड्समध्ये याच विचाराने २००४ साली पार्किन्सनची खास तालीम घेतलेल्या थेरपिस्टांचे जाळे उभे राहिले. अशा थेरपिस्टांकडे जाणाऱ्या रुग्णांत हाड मोडणे, न्यूमोनिया यांसारख्या गुंतागुंती कमी आढळल्या.

व्यायाम टिकण्याचे सर्वांत खात्रीचे कारण सोबत, हे पुण्या-मुंबईकडे पाहून कळते. मुंबईत २००१ साली स्थापन झालेली पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी रुग्णांचे स्वमदत गट चालवते. पुण्याचे पार्किन्सन्स मित्रमंडळ सभा घेते, सहली काढते आणि मराठीतून माहिती देते. तिथे रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. हे शब्द मला फार आवडले. पुण्यातच नर्तक हृषीकेश पवार यांनी २०१०च्या सुमारास शुभार्थींसाठी नृत्याचे वर्ग सुरू केले. ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने २००१ पासून असेच वर्ग चालवले आहेत. वर्गात माणूस ‘व्यायाम’ करायला जात नाही, चार लोकांना भेटायला जातो, म्हणून तो पुढच्या आठवड्यातही जातो.

शुभंकरांसाठी

आठवण करून देणे आणि टोचत राहणे यांत फरक आहे. तो मला उशिरा कळला. पहिली दोन वर्षे मी घड्याळ घेऊन समोर बसायचो. एक दिवस ती म्हणाली, “अहो, मी काय तुमच्या बँकेचे थकीत कर्ज आहे का? वही ठेवा आणि माझ्याबरोबर उठाबसा तुम्हीही करा.” तेव्हापासून आम्ही दोघे करतो. माझी वेळ १३ सेकंद आहे आणि तीही वहीत लिहिली जाते. उदासी, चिडचिड, निरुत्साह हा आळस नसून आजाराचा भाग असू शकतो. तो दोन आठवड्यांहून अधिक राहिला तर डॉक्टरांना जरूर सांगावे. आणि शुभंकराने आठवड्यातून एक दुपार स्वतःसाठी मोकळी ठेवावी.

मंडळाच्या कार्यकारिणीला एक विनंती आहे. महिन्यातल्या दोन शनिवारी सकाळी सभागृह तासभर मोकळे मिळाले, तर थेरपिस्टच्या देखरेखीखाली आपल्या शुभार्थींचा एकत्र व्यायाम सुरू करता येईल. आठ-दहा भक्कम खुर्च्या आणि टाळांचा एक जोड पुरे. खुर्च्या मांडायला मी येईन.

तोपर्यंत सर्व ज्येष्ठांनी एक करावे. नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यायला जाल, तेव्हा आपली सही पाच वर्षांपूर्वीच्या सहीशी ताडून पाहा. ती आक्रसत चालली असेल, चालताना एक हात हलत नसेल, किंवा “जरा मोठ्याने बोला” असे लोक वारंवार म्हणू लागले असतील, तर वयाचे कारण देऊन गप्प बसू नका. एकदा न्यूरॉलॉजिस्टला दाखवा.